फिरती ताटं

आमच्या उत्तनला नाताळ केकवरून मोजत नसत, ताटांवरून मोजत. कुणाच्या घरून किती ताटं निघाली, कुणाच्या घरी किती आली, यावर बायका पुढचा नाताळ येईपर्यंत बोलायच्या. केक काय, पैसे टाकले की कुठल्याही बेकरीत मिळतो. ताट विकत मिळत नाही.

ताट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझ्या मीरा रोडच्या बिल्डिंगमध्ये अजूनही अर्ध्या लोकांना वाटतं की आयडाताई मिठाई वाटते. मिठाई नव्हे हो! एक चांगली मोठी थाळी घ्यायची. तिच्यात कुलकुलं, नेवऱ्या, खजुराचे रोल, दोदोल, पेरूची लाल वडी, काजूचं मार्झिपान, असं सगळं थोडं थोडं मांडायचं आणि वर क्रोशाचा पांढरा रुमाल घालायचा. नाताळच्या आधी हे ताट शेजारी जातं, नात्यात जातं, ज्याच्याशी वर्षभर बोलणं-चालणं आहे त्या प्रत्येकाकडे जातं. आणि ते कधी रिकामं परत येत नाही. घरात दुसरं काही नसेल तर मूठभर साखर तरी घालून परत द्यायची.

आता कुणी विचारेल, दर्यावर पोट असलेल्या घरांना हे सगळं परवडायचं कसं? नाहीच परवडायचं. आणि म्हणूनच कुठल्याही एका घरात सगळं बनत नसे. एका घरी एकच प्रकार, पण डबे भरून. आमच्या घरी कुलकुलं. पिठाची इवलीशी गोळी कंगव्याच्या दातांवर दाबायची आणि गुंडाळायची, की रेघारेघांचा शंख तयार. त्यासाठी आय दरवर्षी नवे कंगवे आणायची, आणि नाताळ झाला की तेच कंगवे आमच्या डोक्याला. वर्षभराच्या कंगव्यांची सोय आणि नाताळची पण. माझी फिलूमावशी पेरूची वडी करायची, पलीकडची पावलीनबाय नारळाच्या दुधातला काळाभोर दोदोल. आमची कुलकुलं सगळ्या घरी जायची, सगळ्या घरचं आमच्याकडे यायचं, आणि पावलीनबायच्या घरून आलेला दोदोल आम्ही चर्चजवळच्या काकीच्या ताटात घालायचो. एका हातानं घेतलेलं दुसऱ्या हातानं पुढे. अख्खं गाव असंच चालायचं आणि तसं कुणी कबूल करायचं नाही.

नियम एकच होता, पण कडक. जिचं तिला परत जाता कामा नये. मावशीची वडी मावशीच्याच ताटात गेली तर गेली घराची अब्रू. म्हणून ताटं भरायच्या दुपारी आय आम्हा भावंडांना अंगणात हाकलायची. जमिनीवर चारही बाजूंना थाळ्या, मध्ये ती. ओठ हलतायत, हात फिरतायत. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठली वडी कुणाच्या हातची हे ती नुसती बघून सांगायची. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत असायचे, आतून तळणीचा आणि वेलचीचा वास यायचा, आणि दोन्ही वास एकमेकांत मिसळून जो काही वास व्हायचा तो माझ्यासाठी नाताळ. आजही वेलचीची पुडी घेऊन मासळी बाजारातून निघाले की माझे पाय क्षणभर थबकतात. हसा खुशाल.

लग्न होऊन मी मीरा रोडला आले त्याला आता खूप वर्षं झाली. इथे आमच्या मजल्यावर कुलकुलं करणारं घर आमचं एकटंच. त्यामुळे ताटातला प्रत्येक प्रकार मलाच करावा लागतो, आणि दरवर्षी डिसेंबरात माझं बजेट कोलमडतं. दरवर्षी माझा नवरा बेनेडिक्ट म्हणतो, "आयडा, अंथरूण पाहून पाय पसर." दरवर्षी मी म्हणते, "तू तुझे पाय आवर, मी माझं बघते." आणि ताटं जातात. समोरच्या शालूवहिनींकडे, खालच्या गुजराती कुटुंबाकडे बिनअंड्याचं, वॉचमनकडे, आणि अर्थातच उत्तनला.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. गणपती उठले आणि आमच्या ॲरनची नोकरी गेली.

अंधेरीतल्या ज्या कंपनीत तो बिलिंगला होता, तिनं मुंबईचं ऑफिसच बंद केलं. एक ईमेल, एक महिन्याचा पगार, संपलं. घराचा हप्ता त्याच्या पगारातून जायचा. बेनेडिक्टची पेन्शन म्हणजे औषधाच्या गोळ्या आणि विजेचं बिल. माझं फॉल-बिडिंग आणि ब्लाउज. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आम्ही दातच कोरायला लागलो. दूध निम्मं केलं. गॅस पेटवायच्या आधी सगळं चिरून, वाटून, मीठसुद्धा हाताशी घेऊन बसायचं. अंडी गोडदेवच्या होलसेलवाल्याकडून अख्खा ट्रे. रविवारच्या मटणाची जागा सुकटीनं घेतली, आणि खरं सांगू, सुकटीचा रविवार मला आवडायला लागला. कांदा, कोकम, थोडी सुकट, की माझं माहेर ताटात.

पैशाचं मी निभावून नेलं असतं. मला खाऊन टाकत होतं ते दुसरंच. ॲरननं सांगून ठेवलं होतं, "मम्मी, कुणाला बोलायचं नाही. बिल्डिंगमध्ये नाही, उत्तनला नाही. नवीन मिळाली की मीच सांगेन." अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. रोज सकाळी नेहमीच्या वेळेला इस्त्रीचा शर्ट, पाठीला बॅग, हातात माझा डबा. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की "हो काका, ऑफिसला." मग स्टेशनजवळ मित्राच्या, निकेतच्या मोबाईलच्या दुकानात मागच्या स्टुलावर बसून दिवसभर अर्ज पाठवायचे. कधी इंटरव्ह्यू, बहुतेक वेळा नाहीच. संध्याकाळी गर्दीच्या वेळेला घरी. घरी आल्यावर बोलणं बंद. माझा बडबड्या मुलगा तीन महिन्यांत असा मुका झाला होता, की मी त्याच्या खोलीच्या दाराशी उभी राहून तो आत श्वास घेतोय की नाही ते ऐकायची.

नाताळ जवळ आला तसा तो म्हणाला, "यंदा ताटं नकोत. खर्च नको."

"ताटं बंद केली तर सगळ्यांना कळेल," मी म्हटलं. "आपल्या बिल्डिंगमध्ये पेपर बंद केला तरी तीन माणसं विचारतात. दरवर्षी जाणारं ताट गेलं नाही तर?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याला झाकून ठेवायचं होतं ना, मग मी त्याची आई, मी झाकणारच. ताटं जायला हवी होती, दरवर्षीसारखी भरलेली, आणि तीही फारसं काही न घालता. तेव्हा मला आयची आठवण झाली. कुलकुलं तेवढी आपण करायची, बाकी उत्तन आहेच.

सामानाला गोडदेवला गेले. दुकानदार ओळखीचा.

"आंटी, इस साल काजू नहीं? बदाम नहीं?"

"नहीं भैया," मी म्हटलं, आणि तोंडातून निघून गेलं, "अंकल को शुगर निकला है. डॉक्टरने मना किया."

एवढं बोलायला आणि मागे आमच्याच बिल्डिंगची एक बाई उभी असायला एकच गाठ पडली. दोन दिवसांत बेनेडिक्टला शुगर झाल्याचं पूर्ण सी-विंगला कळलं. शालूवहिनी कारल्याचा रस घेऊन आल्या. खालच्या गुजराती काकांनी त्याला हात धरून बागेत चालायला नेलं. तो परत आला तो लालबुंद होऊन.

"मी चहा बिनसाखरेचा पितोय त्या लोकांसमोर! किती दिवस?"

"नाताळपर्यंत," मी म्हटलं. "त्याग कर. वर्षाचा तोच काळ आहे."

ॲरन हसला. खूप दिवसांनी हसला, मग लगेच उठून आत गेला.

घर सजवण्यावर मी छदाम खर्च केला नाही. बाळ येशूच्या गव्हाणीच्या देखाव्यासाठी जुन्या डब्यांत गहू पेरले, ते आठवड्यात हिरवेगार उगवले. गेल्या वर्षीचा फाटका तारा पतंगाच्या कागदानं डागडुजी करून खिडकीत टांगला. देखाव्यातली नदी चॉकलेटच्या चांद्यांची. आयच्या घरीही अशीच नदी असायची, फक्त तिथली चांदी सिगारेटच्या पाकिटांची असे, कारण चॉकलेट कोण आणणार? या गोष्टी करताना मला गरीब वाटलंच नाही. मी पुन्हा लहान झाले. दारात आय उभी आहे आणि आता म्हणेल, "गो, पानी घाल त्या गव्हाला."

मग कुलकुलं केली. बेनेडिक्टला कंगवा दिला आणि बसवलं. डबे भरले, आणि भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली. मुर्ध्याला पूर्वी दोन्ही हातांना मिठागरं लखलखायची, आता पत्र्याची कुंपणं आणि टॉवरच्या जाहिराती. राई गावाच्या पुढे गेलं की मात्र खारा वारा खिडकीतून तोंडावर येतो आणि माझी पाठ आपोआप सैल होते. घरोघरी गेले. कुलकुलं दिली, जे जे मिळालं ते घेतलं. गावानं अजून ताटं सोडलेली नाहीत, देवाची कृपा. फिलूमावशी आता ऐंशीच्या पुढे गेलीय, पण वडी अजून तिच्याच हातची. गडद लाल, बोटभर लांब कापलेली, गावात तशी दुसरं कुणी कापत नाही.

घरी येऊन दुपारी जमिनीवर थाळ्या मांडल्या. आयसारखीच मध्ये बसले. पण मी आय नाही. तिच्या डोक्यात सगळं गाव होतं, माझ्या डोक्यात हप्ता होता. शालूवहिनींचं ताट परवा, गुजराती कुटुंबाचं वेगळं, उत्तनची ताटं आजच रुमालाखाली बांधून बेनेडिक्टबरोबर पाठवायची, कारण मला ब्लाउज पूर्ण करायचे होते. तो पिशव्या घेऊन गेला. संध्याकाळी मी उरलेली ताटं मोजायला बसले. एका ताटात वडी नव्हतीच. ते मावशीचं ताट. मी मुद्दाम वडी न घालता तिचं ताट लावलं होतं, आणि ते इथेच राहिलं होतं. मग मावशीकडे कुठलं गेलं?

"बेनेडिक्ट! मावशीला कुठलं ताट दिलंस?"

"वरचं," तो म्हणाला. "सगळी सारखीच तर होती."

सारखी! या माणसानं आयुष्यभर औषधांचं पॅकिंग केलं.

मावशीला तिचीच वडी परत गेली होती. मला रात्रभर डोळा लागला नाही. आयच्या हयातीत कधी जे झालं नाही ते माझ्या हातून झालं, या लाजेनं मी सकाळी सगळी कामं टाकून पुन्हा बस पकडली, योग्य ताट मांडीवर घेऊन.

मावशी ओट्यावर बसली होती. पायाशी एक मोठी पिशवी, तोंड बांधलेली. बाजूला तांदळाची गोण. कोंबडा तंगड्या बांधून ठेवलेला, माझ्याकडे रागानं बघत होता. मी ताट पुढे केलं आणि बोलायला तोंड उघडलं, तर तीच आधी बोलली.

"कवापासून, गो आयडा?"

"कवापासून काय, मावशी?"

"चूल. कवापासून मंद हाय?"

मी हसायचा प्रयत्न केला. "काय पण! चूक झाली मावशी. बेनेडिक्टनं ताटं बदलली, तुझी वडी तुलाच..."

"आसंल चूक," ती म्हणाली. "पन खरं हाय का न्हाय?"

मला नाही म्हणता आलं नाही. मग तिनं ओट्यावर हात थोपटून मला बसवलं.

"तुज्या बापाची होडी खडकाव बसली ता साल आठवतं तुना?"

आठवत होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. होडी तो अख्खा हंगाम किनाऱ्यावर आडवी पडली होती आणि बाप तिच्याशेजारी बसून असायचा.

"त्या नाताळला तुज्या आयनं पावलीनचा दोदोल पावलीनच्याच ताटात घातला. माजी वडी माज्या ताटात. सगल्यांचं सगल्यांना. येकूनयेक."

"आय?" मी म्हटलं. "आय विसरली असेल. मन थाऱ्यावर नसेल."

मावशीला राग आला. खरा राग आला, म्हातारपणी येतो तसा. "तुजी आय इसरनारी व्हती? जल्मात तिचं येक ताट चुकलं न्हाय! ती काय तोंड उघडून मागनार व्हती? मान ताठ तिची. तिनं ताटानं मागितलं. बायांना कललं. आमच्यात कलतं."

मग मला त्या वर्षीचं पुढचं आठवलं, जे मी कधी बापाच्या होडीशी जोडलंच नव्हतं. नाताळ संपला तरी ताटं येतच होती. पावलीनबायची थाळी आली ती तांदळानं शिगोशीग भरून. कुणाची डाळीची, कुणाची नारळांची, एका थाळीत क्रोशाच्या रुमालाखाली माझ्यासाठी शाळेचे बूट, कुणाच्या तरी मुलीचे, थोडे मोठे. ताट रिकामं परत द्यायचं नाही, हाच नियम ना? आम्ही मुलं नुसती नाचत होतो, की यंदा नाताळ जानेवारीतसुद्धा चालू आहे! माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात श्रीमंत नाताळ होता. लोकांना मी तसंच सांगत आलेय. आणि आय तेव्हा काय करत होती? ती प्रत्येक थाळी दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची आणि आत जायची. मला वाटायचं, देवाचे आभार मानतेय.

मी मावशीच्या ओट्यावर बसून रडले. कोंबडासुद्धा गप्प झाला. आयसाठी रडले, तिच्या ताठ मानेसाठी, आणि मला हे तिच्याशी बोलता येणार नाही म्हणून रडले. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "उगी. घेऊन जा आता हा समदा. आनि घरात सांग, लाज आपली नस्ते, वक्ताची आस्ते."

पिशव्या घेऊन घरी आले तेव्हा ॲरन लवकर आला होता. त्यानं गोण बघितली, कोंबडा बघितला, माझे डोळे बघितले.

"सांगितलंस तू," तो म्हणाला. "मी एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे."

"मी नाही सांगितलं."

"मग हे कुठून आलं? अख्ख्या उत्तनला कळलं असेल आता. नोकरी गेली, घरात खायला नाही, मावशीआजीनं तांदूळ पाठवले!" त्याचा आवाज चढला. इतके दिवस दाबून ठेवलेला आवाज. बेनेडिक्ट मध्ये पडायला उठला, मी त्याला हातानं थांबवलं. मला बरं वाटत होतं खरं तर. निदान ओरडतोय तरी.

तो थांबल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या आजोबांची होडी, आजीनं परत धाडलेला दोदोल, बूट. त्यानं आजीला पाहिलंय ते म्हातारी, खाटेवर पडलेली, सगळ्यांवर हुकूम चालवणारी. ती कुणाकडे काही मागेल हे त्याला पटेना.

"ग्रॅनी?" तो दोनदा म्हणाला. "आपली ग्रॅनी?"

"आपली ग्रॅनी."

मग त्यानं उठून कोंबड्याच्या पायाची दोरी सैल करून त्याला बाल्कनीत पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नाताळची आदली सकाळ. शालूवहिनी दरवर्षीप्रमाणे करंज्या घेऊन आल्या. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या. आमच्या सणाला त्यांच्या घरून काहीतरी यायलाच हवं, असा त्यांचा हट्ट. त्यांच्या करंजीची कड साच्यातली नसते, हातानं मुरड घातलेली असते, वेणीसारखी. डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, "बेनेडिक्टभाऊंना एकच हं! शुगर आहे, लक्षात ठेवा." बेनेडिक्टनं छताकडे बघितलं.

त्या गेल्यावर मी त्यांचं ताट पुढे घेतलं. कुलकुलं, दोदोल, मावशीची वडी, सगळं होतं. रुमाल घालणार तेवढ्यात ॲरन स्वयंपाकघरात आला. त्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला नव्हता, घरचा टी-शर्ट होता. त्यानं डबा उघडला, शालूवहिनींच्या करंज्या काढल्या आणि एक एक करून त्यांच्याच ताटात वर मांडल्या. अगदी नीट, मुरड दिसेल अशा.

"अरे, काय करतोयस? त्यांच्याच आहेत त्या!"

"माहितीये."

"ॲरन, त्यांना नाही कळणार. त्या उत्तनच्या नाहीत. त्यांना वाटेल आपल्याला आवडल्या नाहीत."

त्यानं वर रुमाल घातला, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि दाराकडे निघाला. मी मागे गेले, पण उंबऱ्याच्या आतच थांबले. समोरची बेल वाजली. शालूवहिनींनी दार उघडलं, कौतुकानं रुमाल बाजूला केला, आणि मला जे वाटलं होतं तेच झालं.

"अरे वेड्या!" त्या खळखळून हसल्या. "या माझ्याच करंज्या ना? आत्ताच दिल्या मी! आईनं गडबडीत घातल्या वाटतं. आयडाताई, अहो लक्ष कुठेय तुमचं?"

ॲरन तसाच उभा. त्याची पाठ मला दिसत होती. उत्तनला एवढ्यावर काम झालं असतं. इथे कुणाला ती भाषा येत नव्हती, म्हणून त्यालाच बोलावं लागणार होतं, आणि मी मनात म्हणत होते, नको बोलूस, नको, परत ये, मी काहीतरी सांगते, विसरले म्हणते.

"आईनं नाही घातल्या, काकी," तो म्हणाला. "मी घातल्या. माझी नोकरी गेलीये. गणपतीनंतर लगेच गेली."

शालूवहिनींचं हसू थांबलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे. मी दाराची कड धरून उभी होते. मला वाटलं आता विचारतील, कशी गेली, दुसरी बघितलीस का, किती अर्ज केलेस. सगळे तेच विचारतात.

"मग रोज बॅग घेऊन बसतोस कुठे रे दिवसभर?" त्यांनी विचारलं.

त्यांनी ताट त्याच्या हातातून घेतलं, आतल्या स्टुलावर ठेवलं आणि त्याचं मनगट धरून त्याला आत ओढलं. "वेडा कुठला. समोरचं घर अख्खा दिवस उघडं असतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि माझा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागला. गणपतीपासून तो रडला नव्हता. माझ्यासमोर तर नाहीच.

मागून बेनेडिक्ट येऊन विचारायला लागला, काय झालं, कोण रडतंय. मी त्याला गप्प केलं आणि आमचं दार हलकेच लोटून घेतलं.